साध्या पाण्याचा वाडगा

सीताफळाची बी कुणी टाकून दिली की मला अजून राग येतो. कुणाच्या घरी खाणं झालं आणि बशी कचऱ्याकडे निघाली की माझा हात आपोआप पुढे होतो. लोकांना वाटतं बाईचं डोकं फिरलंय. त्यांना काय सांगणार, एक काळ असा होता की आमच्याकडे पाहुण्यापुढे सीताफळ ठेवलं, तर माझ्या सासूबाई बिया परत आल्या की नाही ते बघितल्याशिवाय त्याला उठू देत नसत.

मी पुण्याहून लग्न होऊन दिल्लीला आले तेव्हा नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत होता आणि सरोजिनी नगरात आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. माझं शिक्षण वनस्पतिशास्त्रातलं. एका सरकारी प्रयोगशाळेत डासांच्या विभागात मला काम मिळालं, पण नेमणूक सहा-सहा महिन्यांची. दर सहा महिन्यांनी नवा कागद यायचा, आणि तो येईपर्यंत माझा जीव टांगणीला. काम मात्र मला मनापासून आवडायचं. झाडांची पानं, साली, बिया वाळवून कुटायच्या, स्पिरिटमध्ये भिजवायच्या, गाळून अर्क काढायचा, आणि तो पाण्यात घालून डासांच्या अळ्या मरतात का ते बघायचं. एकदा उडायला लागला की डास कुणाच्या बापाचं ऐकत नाही. अळी असताना तो बिचारा पाण्यात अडकलेला असतो, तेव्हाच काय तो हाती लागतो.

आमच्या विभागप्रमुख मॅडम कडक होत्या. कडुनिंबावर सगळं जग काम करतंय, तुम्ही काहीतरी वेगळं आणा, असं त्या आम्हाला सारख्या ऐकवायच्या. मी ते घरी बोलले. सासूबाई तेव्हा साताऱ्याहून कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "सीताफळाच्या बियांनी उवा मरतात. आमच्याकडे पोरींच्या डोक्याला वाटून लावायचे. पण डोळे घट्ट बांधून हं, डोळ्यात गेलं तर डोळा जातो. उवा मरतात, तर तुझे डास का नाही मरायचे?"

मॅडमना सांगितलं तर त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "शरीफा? अच्छा. करके देखो." शरीफा म्हणजे आपलं सीताफळ.

बिया कुठून आणायच्या हा प्रश्न आईंनीच सोडवला. सासूबाईंना मी आई म्हणायचे. त्यांनी सरोजिनी नगरातल्या सगळ्या मराठी बायकांना सांगून ठेवलं की यंदा सीताफळाच्या बिया टाकायच्या नाहीत, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीनं त्या घेऊन यायचं. वाण देणारी सून सगळ्यांनी पाहिली होती, वाण मागणारी मी पहिलीच. पुढची दोन वर्षं बायका मला बीवाली म्हणून चिडवायच्या. पण दोन मोठे डबे भरले.

त्याच सुमारास नवऱ्यानं सरकारी नोकरी सोडली. बाजार खुला झाला होता, रोज नव्या कंपनीचं नाव कानावर पडायचं, आणि त्याला मानेसरला मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात जागा मिळाली. नोकरीबरोबर क्वार्टर गेलं. आम्ही गुडगावला एका नव्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहायला गेलो. खाली मोहरीची शेतं, बाजूला अर्धवट इमारती, पाणी टँकरचं. डास मात्र आमच्याही आधी राहायला आलेले. धूर सोडणारी गाडी यायची तेव्हा सगळे दारं लावून घ्यायचे, आणि बाहेरचे डास त्याआधीच घरात शिरलेले असायचे. डेंगीच्या बातम्यांनी लोक धास्तावले होते. नवऱ्याची कंपनी नवी, टिकेल की नाही कुणालाच माहीत नव्हतं. अशा वेळी माझी नोकरी टिकणं ही चैन राहिली नव्हती.

मॅडमनी सरळ सांगितलं होतं. प्रयोगशाळेत सीताफळ चाललं, आता बाहेर चाललं पाहिजे. जिथं डास राहतात तिथलं पाणी, तिथल्याच अळ्या, आणि तीन प्रयोग लागोपाठ सारखे यायला हवेत. आले, तर पुढच्या तीन वर्षांच्या प्रस्तावात माझी जागा. नाहीतर हा कागद शेवटचा.

मी आमच्या गच्चीवरच मांडामांड केली. पळी आणि बरणी घेऊन घराघरांतल्या कूलरमधून अळ्या गोळा करायला निघाले, तर शेजारच्या पंजाबी आंटी दारातच आडव्या झाल्या. "हमारे यहाँ मच्छर? जी, हमारे यहाँ तो रोज़ सफ़ाई होती है." त्यांच्या कूलरमधून मी पहिल्याच पळीत चाळीस अळ्या काढल्या. नंतर आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

प्रयोग असा होता. सहा पांढरे वाडगे, प्रत्येकात पंचवीस अळ्या. पाचांत कमीजास्त अर्क, आणि सहाव्यात नुसतं साधं पाणी. पाचांतल्या अळ्या मरायला हव्यात आणि सहाव्यातल्या जगायला हव्यात. सहाव्यातल्याही मेल्या, तर पाचांतल्या माझ्या अर्कानंच मेल्या असं कोणत्या तोंडानं सांगणार? आईंना हे काही पटायचं नाही. "डास जगवायचे कशाला ते?" असं त्या दर वेळी विचारायच्या आणि सहाव्या वाडग्याकडे संशयानं बघायच्या. टँकरच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास असायचा, म्हणून मी दोन दिवस आधी एक बादली भरून गच्चीवर उघडी ठेवायचे. वास उडाला की ते पाणी वापरायचं. वाडग्यांत पाणी ओतायचं काम आईंनी स्वतःकडे घेतलं होतं.

पहिला प्रयोग छान आला. दुसराही. तिसरा गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मांडला. डब्यांतल्या शेवटच्या बिया त्यात संपल्या.

सकाळी गच्चीवर गेले तर पाचही वाडग्यांत सगळ्या अळ्या तळाशी. मी खूश. मग सहाव्यात वाकून पाहिलं. त्यातल्याही तळाशी. काडीनं डिवचलं, एकही हलली नाही.

नवरा कंपनीच्या बसला निघायच्या घाईत होता. खाली जाऊन त्याला सांगितलं, तर बूट घालता घालता म्हणाला, "दोनदा बरोबर आलंय ना? मग तिसऱ्यांदा तेच येणार होतं. लिही चोवीस जिवंत, एक मेली. कोण बघायला येणार आहे, यार?" तो गेला. मी परत गच्चीवर आले. वहीत सहाव्या वाडग्याचा रकाना मोकळा होता आणि पेन माझ्या हातात. खोटं कशाला बोलू, मी चोवीसमधला दोनाचा आकडा लिहिलाही होता. मग पुढे हात चालेना.

आई चहा घेऊन वर आल्या. मी त्यांना विचारलं, पाणी बादलीतलंच होतं ना?

"छे ग, बादलीत कामवालीनं पोछा बुडवला होता. तसलं पाणी तुझ्या कामाला कसं देऊ? मी हंड्यातलं ओतलं. गौरीसाठी भरलेला तांब्याचा हंडा. तांब्यातल्या पाण्यासारखं शुद्ध पाणी नाही."

मी खाली धावले. हंडा देवाजवळच होता. गौरी येणार म्हणून त्यांनी तो चिंच आणि मीठ लावून लखलखीत घासला होता. टँकर आला नव्हता, म्हणून आतून खंगाळताना पाण्याची काटकसर केली होती. आत बोट फिरवलं तर बोटाला हिरवट डाग. चिंचेच्या आंबटानं तांबं पाण्यात उतरलं होतं, आणि ते पाणी तीन दिवस आत बसून होतं. पूजेचं म्हणून आमच्यापैकी कुणी ते प्यायलं नाही हे नशीब. ते प्यायल्या त्या फक्त माझ्या अळ्या.

माझा स्वभाव तापट, आणि त्या दिवशी मी आईंना नको ते बोलले. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला? माझी नोकरी घालवलीत तुम्ही." माझ्यामागोमाग खाली आलेल्या त्या हातातला गार झालेला चहा घेऊन आत गेल्या. ज्या बाईनं मला सीताफळ दिलं तिलाच मी असं बोलले, याची लाज मला प्रयोगशाळेला जाताना बसमध्ये वाटायला लागली आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

वहीतला तो दोन मी खोडला आणि सगळं होतं तसं मॅडमसमोर ठेवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, पानावर आडवी रेघ मारली आणि रद्द असं लिहिलं. मग म्हणाल्या, "इमली, नमक, ताँबा. तुम्हारी सास ने तो पूरी केमिस्ट्री कर दी." मला हसावं की रडावं कळेना. "दशहरे के बाद प्रपोज़ल जाएगा. तब तक एक बार और कर लो. बीज हैं?"

"नाही."

"तो लाओ."

घरी येऊन सांगितलं. आईंनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊवारी नेसून, हातात पिशवी घेऊन, कुणाला न विचारता एकट्या सरोजिनी नगरला गेल्या. हिंदी धड येत नसलेली बाई दोन बस बदलून गेली. बाजारात नुकती सीताफळं यायला लागली होती. त्यांनी जुन्या ओळखीच्या घराघरांत जाऊन बायकांना समोर बसवून सीताफळं खायला लावली आणि बिया पदरात घेतल्या. सीताफळानं सर्दी होते म्हणून आम्हाला एकाच्या वर खाऊ न देणाऱ्या आईंनी स्वतः आठवडाभर रोज चार-चार खाल्ली. सर्दी झाली ती झालीच. नाक पुसत पुसत त्या गच्चीवर बिया वाळत घालायच्या.

चौथा प्रयोग दसऱ्याच्या आधी चार दिवस मांडला. या वेळी बादली त्यांनी कोपऱ्यात ठेवली, तिच्याजवळ खुर्ची टाकली आणि दोन दिवस दिवसाउजेडी तिथून हलल्या नाहीत. कामवालीला पोछा घेऊन गच्चीचा जिना चढायची बंदी होती. वाडग्यांत पाणी मात्र त्यांनी ओतलं नाही. मी आग्रह केला, तर म्हणाल्या, "नको ग. माझा हात नको."

तेव्हा मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण स्टीलचा तांब्या माझ्या हातातून घेतला आणि सहाही वाडगे स्वतः भरले.

दुसऱ्या दिवशी मी उठून वर गेले तर आई आधीच तिथं होत्या. पाच वाडग्यांकडे त्यांनी बघितलंही नव्हतं. सहाव्यावर वाकून, बोट हवेत धरून, ओठांत मोजत होत्या. माझी चाहूल लागली तशी दुसऱ्या हातानं मला थांबवलं. अळ्या वरखाली वळवळत होत्या, त्यामुळे त्यांचं मोजणं चुकायचं आणि त्या पुन्हा एकपासून सुरू करायच्या. शेवटी वळल्या. डोळे भरले होते.

"पंचवीसच्या पंचवीस जिवंत आहेत," त्या म्हणाल्या.

बाकीच्या पाचांतल्या सगळ्या मेल्या होत्या. मी वहीत आकडे लिहिले. दिवाळीच्या आत तीन वर्षांचा कागद आला. पण त्या सकाळी कागदाचं काही माहीत नव्हतं, आणि प्रयोग संपला की उरलेलं पाणी कोरड्या गच्चीवर ओतून टाकायचं, म्हणजे जगलेल्या अळ्याही सुकून मरतात, असा नियम होता. मी पाच वाडगे ओतले आणि सहाव्याला हात घातला, तर आईंनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवलेला. जन्मभर टाळ्या वाजवून डास मारत आलेली ती बाई म्हणाली, "यांना पण?"

मी त्यांना चहा ठेवायला खाली पाठवलं, आणि त्या पुरत्या खाली गेल्याचं बघून मगच तो वाडगा ओतला.