मंगळवारच्या बॅचचे दुखरे हात

पाय दुखणारा माणूस घरी बसतो. हात दुखणारा मात्र गावभर हिंडतो आणि भेटेल त्याला आपला हात सांगत सुटतो. त्यात फिजिओथेरपीच्या खोलीत शेकाची पिशवी हातावर ठेवून पंधरा मिनिटं बसवलं, की दुसरं करणार काय? मोबाईल धरायचा हातच शेकाखाली! म्हणून आमच्या मंगळवारच्या बॅचकडे किस्से साठत गेले. बायको म्हणते, तुमचा हात बरा होऊ नये असंच तुम्हाला वाटतंय. तिचं अगदीच चूक नाही.

बॅच म्हणजे आम्ही तिघंच. मी लोणावळ्यात शाळेत पी.टी. शिकवतो. व्हॉलीबॉल खेळून खेळून उजव्या खांद्याचं टेंडन सुजलं. दुसरे आबा, आंदर मावळातले, वय पासष्टच्या पुढे, भातशेती आणि चार जनावरं. त्यांचं कोपर गेलं कुदळीनं. तिसऱ्या हौसामावशी. भुशी धरणाच्या वाटेवर कणसं भाजून विकतात. पावसाळाभर पुठ्ठ्याच्या तुकड्यानं निखाऱ्यांना वारा घालून त्यांचंही कोपर गेलं.

आणि आम्हाला सांभाळणाऱ्या शीतल मॅडम. मूळच्या पवनानगरच्या, वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण आवाज माझ्या शिट्टीपेक्षा खणखणीत. त्यांचं म्हणणं एकच. हाताला पूर्ण सुट्टी द्यायची नाही आणि त्याला राबवायचंही नाही. काम कमी करा, पण चालू ठेवा. ऐकायला सोपं आहे हो.

०

सुरुवात माझ्यापासून करतो, म्हणजे बाकीच्यांना हसायचा हक्क मिळतो.

शाळेत रोज सकाळी मैदानावर कवायत असते. त्या दिवशी माईक बंद पडला, म्हणून मी मुलांना सांगितलं, मी करतो तसं करा. दोन्ही हात वर घ्यायला गेलो. डावा गेला वर. उजवा खांद्याशी आला आणि अशी कळ आली की मी डोळे गच्च मिटले, तोंड वाकडं केलं आणि हात तसाच अर्ध्यात धरून ठेवला.

डोळे उघडले तर समोर तीनशे मुलं. एक हात वर, एक अर्ध्यात, डोळे गच्च मिटलेले, तोंडं वाकडी. एकालाही हसू नाही, इतकी शिस्त! माझ्या नोकरीत इतकी सारखी कवायत कधी झाली नव्हती.

मुख्याध्यापिका बाई व्हरांड्यातून बघत होत्या. नंतर बोलावून घेतलं. म्हणाल्या, "सर, व्यायाम चांगला आहे. फक्त चेहऱ्याचा भाग वगळता येईल का?"

०

आबांच्या दुखण्याला मॅडमनी पहिल्याच दिवशी 'टेनिस एल्बो' असं नाव दिलं. आबांनी ते घरी पोचेपर्यंत तोंडपाठ केलं, पण जीपच्या धक्क्यांत अर्धं सांडलं. घरी जाऊन सांगितलं की मला टेनिस झालाय.

दोन दिवसांत गावभर झालं, आबाला टेनिस झालाय. लोक भेटायला यायचे ते अंगणातूनच बोलायचे. शेजारच्यानं लांबूनच विचारलं की पसरतो का. आबांच्या बायकोनं त्यांचा टॉवेल आणि तांब्या वेगळा काढला. आबांना आधी राग आला. पण आपला तांब्या दुसरं कुणी उचलत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी खुलासा करायचं लांबणीवर टाकलं.

०

त्याच सुमारास मॅडमनी त्यांना कोपराखाली बांधायचा काळा पट्टा दिला. दोन आठवडे झाले तरी फरक नाही. मॅडम बुचकळ्यात. पट्टा सैल बांधता का, झोपताना काढता का, सगळं विचारून झालं. शेवटी म्हणाल्या, माझ्यासमोर बांधून दाखवा.

आबांनी पट्टा दुखऱ्या उजव्या हातात धरला आणि मोठ्या सफाईनं डाव्या कोपराला बांधला.

मॅडमनी विचारलं, दुखतो कुठला? आबा म्हणाले, "दुखतो उजवा. पर मला बांधता उजव्यानंच येतं."

०

पण आबांना वेडं समजू नका. खरा किस्सा तर पुढेच आहे.

मॅडमनी त्यांना व्यायाम दिला. हात मांडीवर ठेवायचा, तळवा खाली, मुठीत किलोभर वजनाची पिशवी धरायची आणि मनगट अगदी हळू, चार आकडे मोजत खाली सोडायचं. वर आणायचं ते दुसऱ्या हाताच्या मदतीनं. पंधरा वेळा, असे तीन सेट. आणि दर आठवड्याला वजन जरासं वाढवायचं.

आबा दर मंगळवारी हिशोब द्यायचे. किलो. मग किलो शंभर. मग सव्वा. मॅडम खूश. आम्हाला दोघांना ऐकवायच्या की बघा, शिका काहीतरी! मी माझा रबरी पट्टा ओढायला लागायचो.

दीड किलोला आबा पोचले तेव्हा मॅडमनी कौतुकानं विचारलं, की इतकं बेताबेतानं वजन तुम्ही वाढवता कसं?

आबा म्हणाले, "मी कुटं वाढवतो? त्योच वाढतो."

आबांनी पिशवीत कोंबडा घातला होता! मान तेवढी बाहेर. दर सोमवारी वाण्याच्या काट्यावर त्याचं वजन करून आणायचे. कोंबड्यालाही सवय झाली होती म्हणे, तिसऱ्या सेटला तो झोपायचा. मॅडमनी खिडकीकडे वळून हसून घेतलं आणि म्हणाल्या, चालेल, चालू ठेवा.

सातव्या आठवड्यात आबा हिरमुसले होऊन आले. व्यायाम बंद पडला होता. मॅडम रागावल्या, इतकं चांगलं चाललं होतं, बंद का केलं?

आबांनी मान खाली घातली. "जावई आलता."

०

हौसामावशींची अडचण वेगळी. धंदा ऐन पावसाळ्यातला, तेव्हा घरी बसून कसं भागणार? मॅडमनी सांगितलं, वारा डाव्या हातानं घाला. डाव्या हाताला ते जमेना, राख गिऱ्हाइकाच्या तोंडावर. मुलानं बॅटरीचा पंखा आणून दिला. त्यानं निखारे फुलायच्या आधी ठिणग्याच उडायला लागल्या, मावशींनी तो उचलून ठेवला.

एका रविवारी हात इतका ठणकला की त्यांनी समोरच्या गिऱ्हाइकाच्या हातात पुठ्ठा दिला आणि म्हणाल्या, तुमचं कणीस तुमीच भाजा. त्या बाईनं हौसेनं भाजलं, नवऱ्यानं व्हिडिओ काढला. मग मागच्यालाही भाजायचं होतं. तासाभरात रांग लागली. मावशी नुसत्या बसून तिखट-मीठ-लिंबू चोळायच्या, तेही डाव्या हातानं. पुढच्या रविवारी शेजारच्या दोन गाड्यांवरही पाटी लागली, 'स्वतः भाजा'.

त्यानंतरच्या मंगळवारी खोलीत एक नवीन पेशंट आला. हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करणारा, शनिवार-रविवार लोणावळ्याच्या फ्लॅटवर येणारा, यावेळी चार दिवस राहिलेला. उजवं कोपर दुखत होतं. मॅडमनी विचारलं, माऊस फार वापरता का? तो म्हणाला, तो तर रोजचाच, पण परवा भुशीला मुलांच्या हट्टापायी ओळीनं अकरा कणसं भाजली.

मावशी पडद्यापलीकडे शेक घेत होत्या. तिथूनच आवाज आला, "वारा डाव्या हातानं घाला म्हणून सांगितलं व्हतं मी."

०

एकदा मात्र आम्ही तिघंही हसायचं विसरलो.

मॅडमनी चहाचा कप उचलला तो डाव्या हातानं. मला कळलं नाही, मावशींना कळलं नाही. आबांना कळलं. जनावरांत आयुष्य गेलेला माणूस, कोण कुठला पाय राखून चालतंय ते त्याला बरोबर दिसतं. त्यांनी सरळ विचारलं, मनगट कधीपासून दुखतंय?

मॅडम आधी नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, तीन महिने. दिवसभर लोकांचे हात दाबायचे, त्यातून अंगठ्यामागचं टेंडन धरलं होतं. घरी सांगितलं नव्हतं. आम्हाला तर मुळीच नाही, फिजिओचाच हात दुखतोय म्हटल्यावर येणार कोण?

आबांनी त्यांना आमच्या खुर्चीत बसवलं. मावशींनी स्वतःच्या हातावरची शेकाची पिशवी काढून त्यांच्या मनगटावर ठेवली. मी वेळ लावली. शेक झाल्यावर व्यायाम. मॅडम दहाव्याला थांबल्या, बास म्हणाल्या.

आबा म्हणाले, "आमाला धाव्याला सोडता का?"

मॅडमनी उरलेले पाच केले. डोळे भरले होते, पण पुसायला हात मोकळे नव्हते. मावशींनी पदरानं पुसले. तेव्हापासून मंगळवारी चौथी खुर्ची असते.

०

आता परवाचं. हे मावशींनी सांगितलेलंच नाही. त्यांच्या शेजारी चहा विकणाऱ्यानं मला बाजारात गाठून सांगितलं.

रविवार, धरण भरून पायऱ्यांवरून पाणी चाललेलं. मावशींच्या गाडीमागे ओढ्याची कड आहे, शेवाळलेली. एक धिप्पाड माणूस, नव्वद किलोचा तरी असेल, फोटोसाठी मागे मागे सरकत गेला आणि घसरला. खाली पाण्याला ओढ जबरदस्त. बाकीचे नुसते ओरडले. मावशी जवळ होत्या. त्यांनी डाव्या हातानं लोखंडी खांबाला मिठी मारली आणि उजव्या हातानं त्याचा दंड धरला. त्याचे दोन्ही पाय पाण्यात. चहावाला आणि दुसरा एक जण धावत येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. वर काढल्यावर त्याच्या हातात गरम कणीस दिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

मंगळवारी मावशी येऊन नेहमीसारख्या शेकाला बसल्या. मला राहवलं नाही, मी सगळं सांगून टाकलं.  मॅडमनी पुढे होऊन मावशींचं कोपर चाचपलं, मनगट वळवून पाहिलं, बोटं मिटायला लावली. हात शाबूत होता. तेवढं कळल्यावर मग त्या चिडल्या. म्हणाल्या, "मावशी, उजव्या हातानं चार किलोच्या वर काही उचलायचं नाही, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलंय?"

मावशींनी पदर सारखा केला.

"उचलला न्हाई, मॅडम. निस्ता धरला व्हता."