दादाने टीम बदलली

आमच्या भागात कोण कुठल्या टीमकडून खेळतो ते नेमबाजीवर नव्हे, नळावर ठरायचं. बाहेरच्याला हे सांगितलं तर तो हसतो. हसू दे. ज्याच्या घरी रोज पाणी येतं त्याला हे कळायचं नाही.

खेळ साधा होता. चौघांची टीम. विमानातून एका बेटावर उडी मारायची, बंदुका गोळा करायच्या, दिसेल त्याला मारायचं, शेवटी जी टीम उरेल ती जिंकली. नेट नुकतंच स्वस्त झालं होतं आणि शहरात मुबलक असं तेवढंच काय ते होतं. धरण तळाला गेलं होतं, दुष्काळ काही पाठ सोडत नव्हता, आणि महापालिकेचं पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेही कोणत्या वेळी याचा नेम नाही. ऐन रंगात आलेल्या डावात कुणाच्या तरी घरातून ‘पानी आया’ अशी हाक कानात पडायची आणि आमचा गडी फोन पालथा टाकून मोटार लावायला पळायचा. इकडे बेटावर त्याचा माणूस गवतात ठोंब्यासारखा उभा. कुणीही यावं आणि टिपून जावं. असे इतके डाव गेले की शेवटी लोकांना शहाणपण सुचलं. ज्यांच्या घरी एकाच दिवशी पाणी येतं, त्यांनीच मिळून टीम करायची. पाण्याच्या दिवशी त्या टीमने खेळायलाच बसायचं नाही. मग कुणी कुणाला शिव्या द्यायला नकोत.

आमच्या टीममध्ये मी, माझा मोठा भाऊ म्हणजे दादा, आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा सोयगावचा एक विद्यार्थी, आणि मागच्या गल्लीतला मोबाईल दुरुस्तीवाला. चौघांचा नळ एका दिवसाचा. आजोबा गंगापूरकडे भिक्षुकी करायचे, बाबा तहसीलीत कारकून होते, आणि आम्ही दोघं भावंडं दिवेलागणीला देवघरासमोर बसून मोबाईलवर माणसं मारत होतो. आईला यात काही वावगं वाटत नसे. पोरं घरात डोळ्यांसमोर आहेत, एवढं तिला पुरे होतं.

दादा तसा काही नेमबाज नव्हता. पण आपला कुणी गोळी लागून पडला, की त्या खेळात तो लगेच मरत नाही, रांगत राहतो. वेळेत कुणी जवळ जाऊन उचललं तर वाचतो. उचलायला गेलेला मात्र बहुतेक वेळा स्वतः मरतो. दादा दर वेळी जायचा. आम्ही ओरडायचो की सोड, मरशील, आणि तो म्हणायचा, "थांब, आलो मी." दुरुस्तीवाला कपाळाला हात लावून म्हणायचा, "इनको नक्को बोलो, सुनतेच नई."

घरात हे उचलण्याचं काम खरोखरचं होतं. बाबांना अर्धांगवायू झाला त्याला काही वर्षं होऊन गेली होती. उजवी बाजू गेलेली, वाचाही बरीचशी गेलेली. त्यांना अंघोळीला न्यायचं तर दोघं लागायची. एकाने काखेत हात घालायचे, दुसऱ्याने पाय धरायचे. आईची कंबर केव्हाच गेली होती, तेव्हा दोघं म्हणजे दादा आणि मी. आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरात पाणी दुप्पट लागतं. चादरी, कपडे, पुसणं, पुन्हा चादरी. त्यांच्या अंघोळीचं पाणी आम्ही टबात धरायचो, त्यात चादरी पहिल्यांदा बुचकळायचो, मग तेच पाणी संडासात. पाण्याच्या दिवशी दादा कारखान्यात कामावर जायचा नाही. हौद, टाकी, ड्रम, पिंप, कळशा, शेवटी चहाची पातेलीसुद्धा भरून ठेवायचा.

त्या उन्हाळ्यात मला पुण्याला नोकरी लागली. संगणकाचं शिकून मी दोन वर्षं घरी बसले होते, इथल्या कंपन्यांत हजार चकरा मारल्या होत्या, आणि हे पहिलं खरं बोलावणं होतं. जूनमध्ये रुजू व्हायचं होतं. आनंद झाला आणि त्याच क्षणी मनात आलं, बाबांचे पाय कोण धरणार? दादाला सांगितलं तेव्हा तो गच्चीवर टाकीचं झाकण बसवत होता. मान वर न करता म्हणाला, "तू जा. मी आहे ना." मी जाणं म्हणजे दादाने राहणं. याहून वेगळा हिशेब त्या घरात नव्हता आणि तो दोघांनाही पाठ होता. मी बॅग काढून उन्हात ठेवली.

आणि एप्रिलच्या शेवटी दादाने टीम सोडली.

सांगून सोडली असती तर गोष्ट वेगळी. एका संध्याकाळी तो कामावरून आलाच नाही. ओव्हरटाइम आहे, म्हणाला फोनवर. आम्ही तिघं खेळायला बसलो आणि यादीत बघते तर दादाचं नाव हिरवं. खेळतोय. पण आमच्यात नाही. सोयगावचा म्हणाला, "ताई, दादा तर त्या बायपासवाल्यांत गेले व्हय." बायपासवाले म्हणजे बीड बायपासच्या पलीकडच्या गुंठेवारीतली पोरं. शेतं मोडून एकेक गुंठ्याचे प्लॉट विकलेले, घरं उभी राहिलेली, रस्ता नाही, नळ तर नाहीच. दिवसाआड टँकर यायचा. त्यांची टीम टँकरवाल्यांची म्हणून ओळखली जायची आणि कायम हरायची, कारण टँकरचा हॉर्न वाजला की चारही जण गायब.

रविवारी सगळ्या टीमा एकत्र खेळायच्या. हरणाऱ्याने चहा पाजायचा. त्या रविवारी एका पडक्या गोदामात आमची आणि टँकरवाल्यांची गाठ पडली. मला गोळी लागली, मी रांगायला लागले, आणि दारातून दादा आत आला. म्हणजे दादाचा तो पिवळ्या टोपीचा माणूस. मी खरंच काही क्षण समजले की उचलायला आला. त्याने मला मारलं. खेळ आहे, खेळात मारतातच, हे मलाही कळतं. पण त्या दिवशी मी फोन गादीवर फेकला आणि दादा घरी आल्यावर त्याच्याशी बोलले नाही. त्यालाही ते बरंच पडलं असावं.

लोक टीम का बदलतात यावर आमच्याकडे दोन दिवस चर्चासत्र चाललं. दुरुस्तीवाल्याचं म्हणणं, जो जिंकतो त्याच्याकडे माणूस जातो. मग दादा हरणाऱ्यांकडे कायकू गेला, असं विचारलं की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. सोयगावचा म्हणाला, भांडण झालं असंल. भांडण तर झालं नव्हतं. मी म्हटलं, दादाला रोज रोज आपल्याला उचलायचा कंटाळा आला. ते मी रागाने म्हटलं होतं आणि त्यातच बरंचसं खरं होतं.

पुढचा पाण्याचा दिवस आला आणि दादा पुन्हा ओव्हरटाइमला. मी एकटीने पाणी भरलं. दुपारपर्यंत हाताला फोड आले. पायपातून पाणी हौदात पडत होतं तेवढ्यात सहज फोन उघडला, तर त्याचं नाव हिरवं. कारखान्यात असलेला माणूस दुपारी खेळतो कसा? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टँकरवाल्यांचा टँकर येण्याची वेळ. त्यांची सगळी नावं काळी, म्हणजे कुणीच खेळत नाही, आणि दादाचंही काळं. आणि दादा घरी नाही.

टीमा कशावर ठरतात हे मला कुणी शिकवायला नको होतं. आपल्या घरी पाणी येत असताना जो खेळतो आणि त्यांच्या टँकरच्या वेळी जो खेळत नाही, तो त्यांच्याकडे पाणी भरतो. माणूस जिथे पाणी भरतो ते घर त्याचं. मी बॅग उन्हातून उचलून आत आणली आणि कपाटावर टाकली. अजून डोळ्यांनी काही पाहिलं नव्हतं, पण हातांनी ते काम करून टाकलं.

पुढच्या टँकरच्या दिवशी मी स्कूटी काढून तिकडे गेले. बायपास ओलांडला की डांबर संपतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक दारासमोर निळे ड्रम, आणि ड्रमांवर घरवाल्यांची नावं रंगवलेली. टँकर एका वळणावर थांबला होता आणि माणसं पायपासाठी एकमेकांच्या अंगावर धावत होती. दादा त्या गर्दीतून खांद्यावर पाईप घेऊन निघाला आणि एका अर्धवट प्लास्टर केलेल्या घरापुढच्या ड्रममध्ये त्याने तो सोडला. ड्रम धरून एक बाई उभी होती. गळ्यात बारीक मंगळसूत्र. त्याच्याच कारखान्यात कामाला होती, हे नंतर कळलं. ती आमच्यातली नव्हती, हेही नंतर कळलं, आणि कोर्टात लग्न होऊन हिवाळा उलटून गेला होता, हेही.

दादाने मला पाहिलं. पाईप सोडता येत नव्हता, मागे रांग होती. ड्रम भरेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. मग मागच्याच्या हातात पाईप देऊन तो आला. शर्ट ओला झाला होता.

"सांगणारच होतो," तो म्हणाला.

"कधी? मी पुण्याला गेल्यावर?"

"गेल्यावर नाही. आधीच. एक तारखेपासून इकडंच राहायला येतोय."

"आणि मी?"

त्याने शर्टाचं टोक पिळलं. मग अगदी पाठ केल्यासारखं म्हणाला, "तू गेलीस की माझं निघणं व्हायचं नाही."

मला त्याला मारावंसं वाटलं. खरोखर, हाताने. कारण हेच वाक्य मी महिनाभर मनातल्या मनात घोळवत होते, दादाचं नाव घालून. जो आधी निघेल तो सुटला, जो मागे राहील तो कायमचा राहिला. मी जूनची वाट बघत बसले आणि त्याने एप्रिल गाठला. त्याची बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "घ्या ना, ताई." त्या भागात पाहुण्याला पाणी देणं ही काय चीज होती ते मला कळत होतं, म्हणून मी ते प्यायले. गरम होतं.

घरी येईपर्यंत मी आईला कसं सांगायचं याचीच जुळवाजुळव करत होते. ती कोसळेल, असं वाटत होतं. एकुलता एक मुलगा, न सांगता केलेलं लग्न, वर जातीबाहेरचं. आई मागच्या खोलीत बाबांच्या चादरींच्या घड्या घालत होती. मी दाराशीच उभी राहून एका दमात सगळं सांगितलं. तिने हातातली चादर झटकली, कडा जुळवल्या.

"घर बरं आहे का?" तिने विचारलं.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तुला माहीत होतं?"

"दिवाळीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगून तू काय केलं असतंस? गेली असतीस लगेच." तिने चादर ठेवली आणि दुसरी घेतली. आवाज चढलेला नाही, रडवेलाही नाही. भाजी निवडताना बोलते तशी बोलत होती. "मीच म्हटलं त्याला, आधी तू नीघ. ती गेली की तुझं निघणं व्हायचं नाही."

म्हणजे दादाचं ते वाक्यही त्याचं नव्हतं.

मी विचारलं, का? दुसरं काय विचारणार?

"तो राहिला असता तर बायको इथंच आली असती. परक्या पोरीनं ह्यांचं अंग पुसावं, हगणं-मुतणं काढावं, किती दिवस काढलं असतं? मग भांडणं. मग वेगळाच झाला असता तो, तोंड फिरवून. आता निदान सणावाराला येईल. मुलगा वेगळा झाला तरी येतो." तिने चादरीची घडी ढिगावर ठेवली. पुढचं तिने माझ्याकडे न बघता सांगितलं. "आणि तो धरतो तेव्हा ह्यांना दुखतं. कण्हतात. तुझ्या हातानं दुखत नाही त्यांना. तू बघितलंयस का कधी, तू असलीस की कसे गप्प पडून राहतात?"

बघितलं होतं. मला त्याचा अभिमानही होता.

दादावर रागवायला मला जागा होती. तो चोरून गेला, खोटं बोलला, खेळातसुद्धा मारलं त्याने मला. आईवर रागवायचं कुठून सुरू करावं ते सापडेना. लहानपणी अंगणात दोन म्होरके आपापले गडी वाटून घेतात, तसे आमच्या घरातले गडी तिने केव्हाच वाटून टाकले होते, आणि चांगला गडी स्वतःकडे ठेवला होता. ती माझी स्तुती होती. त्या घरात माझी इतकी स्तुती आधी कुणी केली नव्हती.

पुण्याला मी त्याच संध्याकाळी कळवलं, घरगुती अडचणीमुळे येऊ शकत नाही. त्यांचं उत्तर लगेच आलं, तुम्हाला पुढील वाटचालीस शुभेच्छा. मी फोन बंद करून मागच्या खोलीत गेले. आईच्या घड्या घालून झाल्या होत्या. चादरींचा ढीग तिने माझ्या हातात दिला.

"ह्यांना कुशीवर वळवायचं राहिलंय," ती म्हणाली. "ये जरा, मला एकटीला होत नाही."