खोकल्याचा वाटा

कुसुम गेली, हे मला भूमच्या एस.टी. स्टँडवर कळलं. हातात भाजीची पिशवी होती आणि दत्ताभाऊंचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, फोन... "अक्का, तुमची मैत्रीण गेली हो," एवढंच बोलले. छातीत कळ आली आणि संपलं. महिना उलटून गेला, पण थकवा काही अंगातून जात नाही. धुणं वाळत घालायचं म्हटलं तरी जिवावर येतं.

आम्ही तीन-चार घरं दर उन्हाळ्यात दत्ताभाऊंच्या होडीतून धरणात झिंगे धरायला जायचो. झिंगे म्हणजे गोड्या पाण्यातली बारकी कोळंबी. भाकरी-ठेचा बांधून पलीकडच्या काठावर दिवस काढायचा. कुसुमला पोहता येत नव्हतं. मधल्या फळीवर बसून माझा हात असा आवळायची की बांगड्या रुतायच्या. "लई पाणी हाय हो अक्का!" आणि जाळं वर आलं की सगळ्यात आधी हिचाच हात आत! कमालीची बाई.

काठावर पळसाच्या पानांवर दर घराचा एक असे वाटे घालायचे. भांडण नको म्हणून एकानं पाठ करून बसायचं, दुसऱ्यानं वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, "ह्यो कुणाचा?" पाठमोरा नाव घेईल त्याचा तो वाटा. पाठ करायचा मान कुसुमचा, बोट दत्ताभाऊंचं. पण मोठ्या वाट्याशी आले की त्यांना हमखास खोकला यायचा आणि कुसुम फटकन म्हणायची, "अक्काचा!" माझे मालक गेल्यापासून हे चाललेलं. पोरं ओरडायची, "लबाडी हाय ही!" "गप रे, उन्हानं घसा सुकलाय त्यांचा," ती पाठमोरीच हसायची. मला सगळं कळायचं. लाड कुणाला नको असतात?

परवा पोरांनी हट्टच धरला. मला जायचं नव्हतं. दत्ताभाऊंनी निघतानाच सांगून टाकलं, "ही शेवटची खेप. होडी देऊन टाकतो. तिच्याबिगर मन लागंना." होडी गेली की आम्ही लग्नाकार्यातच भेटणार, तेही उभ्या उभ्या. माझ्या शेजारची जागा मोकळीच राहिली, कुणी बसलंच नाही. झिंगे मात्र नेमके भरपूर निघाले.

वाटे घातले. पाठ कोण करणार? सगळे माझ्याकडं बघायला लागले, म्हणून बसले. एकेक नाव घेत गेले... आणि दत्ताभाऊ खोकले. सवयीनं की मुद्दाम, देव जाणे.

"कुसुमचा," मी म्हणाले.

वळून पाहिलं, तर दत्ताभाऊ तो वाटा तिच्या भाकरीच्या चेपलेल्या डब्यात भरत होते. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नव्हतं. परतताना त्यांनी डबा माझ्या शेजारी, तिच्या जागेवर ठेवला.

"घट्ट धरा अक्का. तिला पवता येत न्हाय."

धरला. अलीकडच्या काठाला होडी बांधता बांधता म्हणाले, "पुढल्या साली बी पाठ तुमीच करा." मी मान हलवली. डबा अजून माझ्या हातातच होता.