डोंगरासकट दोन खोल्या

खोली बघायला आलेल्या भाडेकरूला आधी दीड तास डोंगर दाखवणारा माणूस सबंध हिंगोली जिल्ह्यात एकच असणार, आणि तो माझा घरमालक होता. औंढ्याजवळ डोंगराच्या पायथ्याशी त्यांची सहा बिऱ्हाडांची चाळ होती. मी मालवणकडचा, सातवीत शाळा सोडलेला, रस्त्याच्या कामावर रोलर चालवायला आलेला. मालकांनी मला बिब्ब्याचं झाड दाखवलं, मोर बसतो तो दगड दाखवला, लेकरांना घसरायला बरा म्हणून एक उतारही दाखवला. खोल्या परत येताना लागल्या. त्यांनी दार उघडलं आणि लगेच लावलं. "खोल्या काय, सगळीकडं सारख्याच असत्यात," म्हणाले. मोरी आहे का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

घर हे त्यांच्या मते झोपण्यापुरतं आणि पावसापुरतं. दिवसाउजेडी कोणी आत दिसलं की खिडकीतून डोकं घालून विचारत, "काहून बसून राहिले? अंडे उबवून राहिले का?" एका बिऱ्हाडाने टीव्ही आणला, तर तासभर शांतपणे पाहून त्यांनी अभिप्राय दिला, "चित्रं बेस हायेत, पण वारा न्हाई." एका भाडेकरूला ताप आला, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं, मालकांनी त्याला बाजेसकट उचलवून लिंबाखाली नेलं. तो दोन दिवसांत बरा झाला. भीतीने झाला, असं त्याची बायको सांगायची. आणि खोली द्यायची ती लेकुरवाळ्यालाच. लेकरू नसलं की डोंगर वाया जातो, हे त्यांचं ठाम मत.

माझी तर घाईच होती. मी दहा गड्यांबरोबर कामाच्या तंबूत, बायको आणि तीन वर्षांची पोरगी मेव्हण्याकडे. 'वहिनी आता पोरीसमोर भांडी आपटते, लवकर न्या,' असं बायकोचं पत्र आलं होतं.

मालकांनी विचारलं, "फॅमिली येऊन राहिली का?"

आमच्याकडे याचा अर्थ एकच, आली आणि राहू लागली. खोटं कसं बोलणार? म्हटलं, "नाही."

"मंग जमत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी दोघींचा फोटो घेऊन गेलो. मालकांनी तो बराच वेळ पाहिला. "लेकरू गोड हाये. येऊन राहिलं का?"

"नाही हो," मी म्हटलं.

"मंग फोटोला डोंगर चढवू का मी?"

तिसऱ्या दिवशी मी रडकुंडीला आलो. "अहो, खोलीच नाही तर ती येऊन राहणार कुठे?" ओट्यावर तूर पाखडणाऱ्या मालकीणबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "अवं भाऊ," त्या हसत म्हणाल्या, "येणार हाये का, असं इचारून राहिले ते!"

मालक हसले नाहीत. "तुमच्याकडं काय म्हणतात याला?"

"येता," मी आमच्या मालवणीत सांगितलं.

"एवढ्या लांबून यायचं, अन् शब्द एवढासाच?" त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "येता तर येता. आणा."

दोघी आल्या. पहिल्याच सकाळी मालक दारात उभे राहिले, पोरीला बोट दिलं आणि डोंगराकडे चालू लागले. माझी पोर मामाकडे राहून कुजबुजल्यासारखी बोलायला शिकली होती. जेवायलाही कानात मागायची. थोड्या वेळाने वरून, त्या उतारावरून, तिचं ओरडणं ऐकू आलं. बायको उंबऱ्यात येऊन ऐकत राहिली. "इतकी मोठ्याने ओरडतेय," ती म्हणाली, "कोणी रागावणार नाही ना?"

पुढे रस्ता झाला, आम्ही आणखी चार गावं फिरलो. मालकही आता नाहीत. पोरीचा आवाज मात्र मोठाच राहिला. तिच्या सासरहून अधूनमधून तशी तक्रार येते. मी मान खाली घालून सगळं ऐकून घेतो, आणि तिला काहीच सांगत नाही.