तिसऱ्या शिट्टीपर्यंत

दारू पीत होता तेव्हा माझा दादा सहा वर्षं जगला. सोडली, आणि दीड वर्षात गेला. काहून?

हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला, पास्टरना विचारला, आईला विचारला. एकदा रागात चर्चच्या छताकडे बघून थेट वरच विचारला. डॉक्टर म्हणाले, "लिव्हर आधीच गेलं होतं." ते तर मलाही माहीत होतं. मी ते विचारलंच नव्हतं!

उत्तर नाही मिळालं, पण विचारत फिरताना किस्से मात्र पोतंभर जमले. आमच्या जबलपूरच्या शनिवारच्या मंडळीत कधी येऊन बसा, रिकाम्या हातानं परत जाणार नाही. सगळी दारू सोडलेली माणसं. पिताना काय केलं ते यांना आठवत नाही, आणि सोडल्यावर जे घडतं ते कोणी यांना विसरू देत नाही!

हसून सांगतोय, पण एक गोष्ट आधी सांगून टाकतो. या एप्रिलमध्ये दादाला माती दिली, तेव्हा कबरस्तानात सगळ्यांसमोर मी बबलूला म्हणालो, "तुझ्याच पायी मेला माझा दादा." बबलू म्हणजे दादाचा पिण्यातला जोडीदार, गोहलपुरात दुकानांच्या पाट्या रंगवतो. दोघांनी दारू एकत्र धरली आणि एकत्रच सोडली. त्या दिवसापासून बबलूनं शनिवारी यायचं बंद केलं. आठ दिवसांत कळलं, परत प्यायला लागला. एक माणूस मरणानं गेला, दुसरा माझ्या तोंडानं जाऊन राहिला होता.

हे लक्षात असू द्या आणि ऐका.

*

मंडळी बसते दीक्षितपुऱ्यात, सिस्टरच्या स्वयंपाकघरात. सिस्टर म्हणजे नन नाही. सारा जन्म नर्स होती, म्हणून सगळे सिस्टर म्हणतात. तिचा नवरा दारूनं गेला. तेव्हापासून दर शनिवारी पाच वाजता ती गॅसवर खिचडीचा कुकर चढवते आणि दार उघडं ठेवते.

साक्ष द्यायला, म्हणजे आपली दारूची कहाणी सगळ्यांसमोर सांगायला, प्रत्येकाला कुकरच्या तीन शिट्ट्या. तिसरी शिट्टी झाली की वाक्य अर्धं असलं तरी बसायचं. मग कुकर उतरतो, दुसरा चढतो, दुसरा माणूस उठतो. माणसं जास्त आली की खिचडीही जास्त!

या नियमाचा सगळ्यात जास्त त्रास पाटील साहेबांना. बँकेतून रिटायर झालेले, बोलायची सवय मोठी. त्यांनी साक्षीची सुरुवात आजोबांपासून केली. पहिल्या शनिवारी तिसरी शिट्टी झाली तेव्हा त्यांचा जन्मसुद्धा झाला नव्हता. पहिल्या पेगपर्यंत पोचायला त्यांना पाच शनिवार लागले.

सहाव्या शनिवारी ते बोलायला उठले आणि दुसऱ्या शिट्टीनंतर सिलिंडर संपला. आता शिट्टी कुठून होणार? साहेब सुटले. नागपूरची बदली झाली, रायपूरची बदली झाली, तिसऱ्या मॅनेजरशी भांडण झालं. तांदूळ तसेच, माणसं तशीच.

तासाभरानं दादानं हळूच विचारलं, "सिस्टर, बायबलात सार्वकालिक जीवन म्हणतात, ते हेच का?"

*

सिस्टरचा आणखी एक नियम आहे. प्रार्थना काय केली ते सांगायचं नाही. आठवड्यात हातानं काय केलं ते सांगायचं.

दादा पहिल्यांदा आला तेव्हा मीही होतो. आईनं मला पहाऱ्यावर पाठवलं होतं, हा खरंच तिकडं जातो की मधेच कलारीत शिरतो ते बघायला. जबलपुरात दारूच्या दुकानाला कलारी म्हणतात, आणि तोपर्यंत दादाचा पत्ता तोच होता.

सिस्टरनं विचारलं, "काय केलंस या आठवड्यात?"

दादा छाती काढून म्हणाला, "सात दिवस दारू नाही प्यायलो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरनं हात वर केला. "ते देवानं केलं. तू काय केलंस?"

दोन शिट्ट्या झाल्या. मग दादा खाली बघत म्हणाला, "आईच्या कूलरमध्ये पाणी भरलं. रोज."

"हां!" सिस्टर म्हणाली. "आता वाजवा टाळ्या."

त्या दिवसापासून आमच्या घरी कूलर कधी कोरडा राहिला नाही. आई तर थंडीत ओरडायची, "अरे विजय, डिसेंबर आहे, पुरे कर आता!"

*

दादा दर शनिवारी मोटरसायकलवर बबलूला घ्यायला गोहलपुराला जायचा. तिथून दीक्षितपुरा कितीसा लांब? पण सरळ रस्त्यावर कलारी. म्हणून दादा ओमतीवरून वळसा घालायचा.

पुढं त्या वळशाच्या रस्त्यावरही एक कलारी उघडली. मग गल्लीबोळांतून तिसरा रस्ता शोधला. तिथं एका घराच्या दारात बांधलेली म्हैस दर वेळी बबलूला शेपटी मारायची.

बबलू दादाला 'बड्डे' म्हणायचा, आमच्याकडं भावाला, दोस्ताला तसंच म्हणतात. एकदा तो मागच्या सीटवरून वैतागून म्हणाला, "बड्डे, सीधे रस्ते से चल ना. आँख बंद कर लूँगा, कसम से."

"तू कर लेगा," दादा म्हणाला, "लेकिन गाडी तो मैं चला रहा हूँ ना!"

*

आता प्रभुभोजनाचा किस्सा. येशूच्या आठवणीत भाकर आणि वाइन घेतात तो विधी, पण मंडळीत सगळेच सोडलेले, त्यामुळे आमच्याकडे वाइनचा प्रश्नच नाही. मनुका भिजवायच्या, उकळायच्या, गाळायच्या. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात हे काम दादानं मागून घेतलं. इतक्या भक्तीनं केलं की भिजवणं झालं, गाळणं झालं, उकळणं तेवढं राहून गेलं. फ्रिजमध्ये जागा नव्हती, बाटली तीन दिवस ओट्यावर. जबलपूरचा मे!

शनिवारी पास्टर आले. तरुण आहेत, साधे, हिंदी बोलतात, जन्मात कधी थेंब घेतलेला नाही. छोटे छोटे कप वाटले गेले. पास्टरनी डोळे मिटून प्रार्थना केली आणि आपला कप रिकामा केला.

बाकीच्यांनी कप ओठापर्यंत नेले आणि एकदम सगळे थांबले. बारा माणसं, बारा नाकं, एकेका नाकाला वर्षानुवर्षांचा अनुभव!

पहिला बबलू ओरडला, "रुक जाओ भैया! ये तो बन गई है!"

पास्टर गोंधळले. "क्या बन गई? मुझे तो अच्छी लगी. थोड़ी तेज़ है."

सिस्टरनं एकेकाच्या हातातून कप काढून घेतले आणि मोरीत ओतले. मोरीकडं बघायची कोणाची छाती होईना. पाटील साहेब तर भिंतीकडं तोंड करून बसले. दादा शरमेनं लाल. पण गप्प बसला तर तो दादा कसला? पास्टरसमोर हात जोडून म्हणाला, "पास्टर जी, अब आप भी हर शनिवार आया कीजिए."

*

दादा गेल्यावरच्या शनिवारी मी सिस्टरकडं भांडायलाच गेलो. तिचा कुकर फेकून द्यायचा असं ठरवून गेलो होतो. दारातच ओरडलो, "तुमच्या देवाचं ऐकलं त्यानं, दारू सोडली, तरी काहून मेला?"

सिस्टर तांदूळ निवडत होती. माझ्याकडं बघितलं. तिचेही डोळे सुजलेले. म्हणाली, "मला नाही माहीत, बाळा." मग ताट माझ्याकडं सरकवलं. "हे निवडतोस का? मला दिसून नाही राहिलं."

मला फेकायचं होतं ते ताट. का कोण जाणे, खाली बसलो. बोटं तांदळात आणि पाणी डोळ्यांत. कोणी पाठीवरून हात फिरवला नाही, बायबलातलं वचन ऐकवलं नाही. त्याबद्दल मी आजही त्या घराचा आभारी आहे. एक शब्द जरी कोणी बोललं असतं तर मी पुन्हा तिकडं गेलो नसतो.

खिचडी झाली. पहिल्याच घासाला पाटील साहेबांच्या दाताखाली कट्कन खडा.

"संजू, तांदूळ निवडत होतास की प्रार्थना करत होतास?"

"काहीच नाही साहेब. रडत होतो."

साहेबांनी खडा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "बरं. पुढच्या वेळी ट्यूबलाइट लावून रडत जा."

दादा गेल्यापासून त्या दिवशी मी पहिल्यांदा हसलो.

*

म्हणजे मी दारू न पिता मंडळीचा सभासद झालो! मलाही तीन शिट्ट्या मिळायला लागल्या. मला सोडायचं होतं ते वेगळं. बबलूचं नाव निघालं की माझ्या मुठी वळायच्या. तो कुठं पडलेला असतो, कोणी उचलून घरी आणला, सगळं कानावर यायचं. रात्री झोप यायची नाही. एकदा वाटायचं बरं झालं, एकदा वाटायचं मीच मारून राहिलो त्याला. असं ऑक्टोबर उजाडेपर्यंत चाललं.

सिस्टरनं विचारलं, "काय केलंस या आठवड्यात?"

"बबलूच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो."

"मग?"

"परत आलो."

सिस्टरनं मान हलवली. "चांगलं केलंस."

पुढच्या शनिवारी सांगितलं, "गल्लीत पानटपरीपर्यंत गेलो." त्याच्या पुढच्या शनिवारी, "त्याच्या दारापर्यंत गेलो. दार उघडं होतं. परत आलो."

पाटील साहेबांनी हिशोबी डोकं चालवलं. "या वेगानं तू नाताळला आत पोचशील. केक घेऊन जा."

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाताना वाटलं, बबलू तोवर राहील का?

*

नोव्हेंबरात आमच्याकडं कबरी सजवायचा दिवस असतो. लोक कबरी धुतात, चुना मारतात, झेंडू वाहतात, मेणबत्त्या लावतात. दादाच्या कबरीवर सिमेंटचा क्रॉस उभा होता, पण त्यावर नाव नव्हतं. आई म्हणाली, "त्या दिवसापर्यंत माझ्या लेकराचं नाव पाहिजे."

त्या दिवशी सकाळी उठलो आणि विचार न करता, चप्पल घातली न घातली तसा, गोहलपुराला गेलो. गल्ली, टपरी, दार. या वेळी आत शिरलो.

बबलू खाटेवर बसलेला. दाढी वाढलेली, अर्धा झालेला. मला बघून उठला आणि भिंतीला टेकला. त्याला वाटलं मारायला आलोय.

"चल," मी म्हणालो. "दादाचं नाव लिहायचंय."

"मैं?" तो म्हणाला. "तेरी अम्मा मेरी सूरत देखेगी?"

"सूरत का क्या करना है? ब्रश उठा."

त्यानं दोन्ही हात माझ्यासमोर धरले. "दो दिन से नहीं पी, बड्डे. इसीलिए देख." हात असे थरथरत होते की बोटं एकमेकांवर आपटत होती.

"चल," मी परत म्हणालो. त्याचा रंगाचा डबा मीच उचलला.

कबरस्तानात तो क्रॉससमोर गुडघ्यांवर बसला. ब्रश डब्याच्या काठावर टकटक वाजत होता. ज्या हातानं अर्ध्या गोहलपुराच्या पाट्या लिहिल्या, त्याला एक उभी रेघ ओढता येईना. मी मागून त्याचं कोपर धरलं. 'वि' वर चढला. 'ज' खाली उतरला. 'य' पार क्रॉसच्या कडेला जाऊन अडकला, खाली काळा ओघळ. तीन अक्षरांना तासभर लागला. बबलूच्या कपाळावरून घाम गळत होता आणि त्यानं एकदाही ब्रश खाली ठेवला नाही.

तेवढ्यात फाटकातून आई आली. तिच्यामागं सिस्टर, पाटील साहेब, मंडळीतले सगळे, हातात झेंडू आणि मेणबत्त्या. बबलू उठून माझ्या पाठीमागं सरकला.

आई क्रॉसजवळ वाकली. डोळे बारीक करून नाव वाचलं.

"हे कोणी लिहिलं?" तिचा आवाज चढला. "माझ्या विजयचं नाव असं वाकडं? कोणी लिहिलं हे?"

माझ्या मानेवर बबलूचा श्वास लागत होता.

मी हात मागं नेला, त्याच्या बोटांतून ब्रश काढून घेतला आणि पुढं धरला.

"मी लिहिलं, आई. सातवीत शाळा सोडली ना मी, अक्षर कुठून चांगलं येणार?"