ड्रॉवरमधली पावलं

नमस्कार मंडळी. या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसती वाचत असते, लिहायची ही पहिलीच वेळ. कुणाला कालव्याच्या पाटावर बाई दिसली, कुणाच्या गाडीमागं कोण पळालं... हे वाचून मी सुनेला म्हणायची, या लोकांना घरी कामं नाहीत. माझं वय त्रेसष्ट. अमावस्येला नाहले, रस्त्यातली लिंबं ओलांडली, तिन्हीसांजेला स्मशानाच्या वाटेनं एकटी आले, कधी काही झालं नाही. त्यात माझा धंदाच असा की लोक येऊन म्हणतात, "मावशी, ह्या मोबाईलमधी भूत शिरलंय," आणि मी ते भूत दहा मिनिटांत काढून देते. पाणी गेलेलं असतं, मेमरी भरलेली असते, नाहीतर सॉफ्टवेअर जुनं असतं. प्रत्येक गोष्टीला कारण असतं — असं मी मागच्या मे महिन्यापर्यंत छाती ठोकून सांगत होते.

माझं दुकान यवतला, हायवेच्या सर्व्हिस रोडला, एसटी थांब्याच्या पुढं चौथा गाळा. आधी मी साड्यांना फॉल-पिको करायची. जोडीला रिचार्ज ठेवलं, तर बाया म्हणायला लागल्या, "मावशी, हे बघा की, हँग व्हतोय." मी आठवी शिकलेली. पण कानाला हेडफोन लावून हिंदी व्हिडिओ बघितले, पहिला स्वतःचा फोन कायमचा मारला, मग बहिणीचा, आणि मग हात बसला. आता पिकोचं मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलंय. माझा एक क्रम ठरलेला आहे. आधी कॅशे, म्हणजे ॲपांनी साठवलेला कचरा, साफ करायची, मग फोन सेफ मोडला, म्हणजे वरून घातलेली ॲप बंद ठेवून, चालू करून बघायचा, मग सिस्टीम अपडेट मारायचं, आणि कशानंच नाही झालं तर रिसेट. निम्म्या तक्रारी अपडेटवरच जातात. स्क्रू खोलायची वेळच येत नाही.

तर, मे महिना. सकाळचे साडेदहा झाले असतील. संपत आला. आत मळ्याकडं राहतो, दूध घालायला रोज यवतला येतो, ओळखीचा. बरोबर त्याची वहिनी, सारिका. तिशीची असेल, डोळे खोल गेलेले, हातात एक मोबाईल — तोही असा धरलेला की त्यात पाणी भरलंय आणि सांडेल.

सारिकाचा नवरा भानुदास अठरा दिवसांपासून बेपत्ता होता, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत होतं. कुरकुंभला एका कंपनीत होता. पोलिसात मिसिंग दिली, कंपनीत चौकशीला गेले, तेव्हा कळलं की त्याला दोन महिन्यांपूर्वीच कामावरून कमी केलंय. दोन महिने हा माणूस रोज डबा घेऊन शिफ्टच्या टायमाला घरातून निघायचा आणि शिफ्ट सुटायच्या टायमाला परत यायचा. बायकोला पत्ता नाही. आणि एक दिवस असाच डबा घेऊन गेला तो आलाच नाही. मोबाईल घरीच चार्जिंगला राहिला होता. तोच हा मोबाईल.

"मावशी, ह्याचं कायतरी करा," संपत म्हणाला. "ह्यात ते चालायचं ॲप हाय. किती पावलं झाली ते दाखवतंय. दादा टाकून गेला तवाधरनं मोबाईल फळीवर हाय, आन् पावलं मोजतोय."

"कशी मोजतोय?"

"आता कशी ते तुमी सांगा. आम्ही तांदळाच्या डब्यात घालून ठिवला. तरी मोजतोय. वहिनी आकडा हालला तर घास खाती, थांबला की ताट सारती."

मी हसले नाही, पण मनात म्हटलं, सेन्सर गेलाय. पावलं मोजायला फोनमध्ये सेन्सर असतो, फोन हलला की त्याला कळतं. तो बिघडला की आपोआप मोजत बसतो. नाहीतर पंख्याचा हादरा असेल, हायवेच्या गाड्यांचा असेल. तसं मी सारिकाला समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, ते कुठं चालत्यात, तेवढं ह्यात दिसंल का?"

संपत म्हणाला, "बघा. हे असं हाय."

"पयल्या आठवड्यात दहा-बारा हजार व्हायची," सारिका माझ्याकडंच बघत सांगत होती. "सकाळी चालायचे, मग दुपारी न्हाई, परत सांजच्याला. मग पाच हजारावर आले. मग दोन. काल फकस्त चारशे झाली. दमल्यात ते."

मी फोन हातात घेतला. पॅटर्न तिनंच टाकून दिला. स्क्रीनवर हिरवा गोल, त्यात आजची पावलं, चौदा. मी सिम काढलं, नेट बंद केलं, वायफाय बंद, ब्लूटूथ बंद, फोन फ्लाईट मोडला टाकला. म्हटलं, समजा त्याच्याकडं दुसरा फोन असेल आणि त्याच खात्यावर चालू असेल, तर तिकडचा आकडा इकडं येत असेल. आता नेटच नाही म्हटल्यावर कुठून येणार? फोन काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवला, शेजारी माझा स्वतःचा फोन तेच ॲप चालू करून ठेवला, ड्रॉवर बंद केला. पंखासुद्धा बंद केला. मे महिन्यात.

अर्ध्या तासानं उघडला. माझ्या फोनवर मी ठेवला तेव्हाचाच आकडा. त्याच्या फोनवर सव्वीस.

कॅशे साफ केली. सेफ मोडला चालू केला; चालायचं ॲप फोनबरोबरच आलेलं, त्यामुळं ते तिथंही चालू. मग काउंटरच्या काचेवर मधोमध ठेवला आणि आम्ही तिघं बघत बसलो. बराच वेळ काही नाही. मग सत्तावीस. जरा थांबून अठ्ठावीस. मग एकोणतीस. मी लई फोन बघितलेत, बिघडलेला सेन्सर कसा मोजतो तेही बघितलंय — भराभरा पळतो, शंभर, दोनशे, पाचशे. हे तसं नव्हतं. एक पडायचं, मध्ये जीव जाईल एवढा वेळ, मग दुसरं. गुडघे धरलेला माणूस जिना चढतो ना, तसं. तेहेतीसवर थांबलं.

"बसले," सारिका म्हणाली.

संपत उठला. "मी च्या सांगून येतो," म्हणून बाहेर गेला तो बराच वेळ आला नाही.

आता खरं सांगायचं तर मला त्या फोनची नाही, त्या पोरीची भीती वाटायला लागली होती. दुपार झाली, मी माझ्या डब्यातली भाकरी तिच्यापुढं केली, तर म्हणाली, "उठू द्या त्यांना." पुढं अडीचला आकडा हलला, तेव्हा तिनं दोन घास खाल्ले. संपत परत आला होता, तो मला बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, "मावशी, तुमी पन तिच्या नादी लागू नका. घरात चार वर्साची पोरगी हाय, तिच्याकडं हिचं ध्यान न्हाई. बंद पाडा हे मोजनं. कसंबी करा." मलाही ते पटलं. त्या सेटला एक सिस्टीम अपडेट आलेलं होतं, कितीतरी दिवस तसंच पडून. अपडेटनं सेन्सर ताळ्यावर येतो, हे मी पंचवीस वेळा तरी बघितलंय.

पण सारिका फोनला हात लावू देईना. "नगं. हाय तसं ऱ्हाऊ द्या."

तेव्हा मी म्हटलं, "अगं, अपडेट केलं की नीट दिसेल. कदाचित कुठं आहेत तेही दिसेल."

"बंद तर पडनार न्हाई ना?"

"नाही गं बाळा. बंद कशाला पडेल?"

तिनं मान डोलावली. मी दुकानाचं वायफाय चालू केलं, अपडेट उतरवून घेतलं, बॅटरी बघितली, पंच्याऐंशी टक्के. इन्स्टॉलवर बोट ठेवायच्या आधी मी हिरव्या गोलाकडं बघितलं. एकसष्ट. घड्याळात चार वीस. मग दाबलं.

फोन बंद होऊन चालू झाला आणि लोगोवर थांबला. तसं होतं, नवीन सॉफ्टवेअर बसायला वेळ लागतो. पण हा पाऊण तास थांबला. सारिका काचेला टेकून उभी. पाच वाजून गेल्यावर फोन उघडला. सगळं व्यवस्थित. फोटो जागेवर, नंबर जागेवर, हिरवा गोल जागेवर. एकसष्ट.

परत नेट बंद केलं आणि फोन काचेवर ठेवला. साडेपाच. पावणेसहा. सहा. एकसष्ट.

"झालं का?" संपतनं विचारलं. त्याच्या तोंडावर इतक्या दिवसांनी रंग आला होता.

मी सारिकाला दाखवायला म्हणून फोन हातात घेतला आणि दुकानाच्या दारापर्यंत चालत जाऊन परत आले. आकडा त्र्याहत्तर. बरोबर बारा पावलं. मी म्हटलं, "हे बघ, सेन्सर नीट झाला. आता माणूस चालला तरच मोजतोय."

तिनं फोन माझ्या हातातून घेतला. "ती तुमची हायत, मावशी," म्हणाली. "त्येंच्यात मिसळायला नको हुती."

जाताना तिनं मागं वळून बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी संपतचा फोन आला. भानुदास सापडला होता. शिरूर तालुक्यात, कारेगावच्या पलीकडं, ट्रक तोलायच्या बंद पडलेल्या एका वजनकाट्याच्या खोलीत. मेंढरं घेऊन चाललेल्या माणसानं बघितलं. उन्हानं आणि उपाशीपोटानं गेला, असं डॉक्टर म्हणाले. घातपात नाही, काही नाही. चपलेचा तळ पार गेलेला, सुतळीनं बांधलेली, पायाला जखमा. डब्याची पिशवी उशाला.

आणि तिथं रस्त्यावर चहाची गाडी लावणारी एक बाई आहे, तिनं सांगितलं — हा माणूस रोज शिफ्टच्या टायमाला कामगारांच्या लोंढ्यात चालायचा, कंपन्यांच्या गेटपर्यंत जायचा आणि परत फिरायचा. सांजच्याला तसंच. तिला वाटलं, कामावर आहे. पहिले दिवस चांगला चालायचा, नंतर बसत बसत, मग दिसेनाच.

"कधी गेला म्हणाले?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"परवा," संपत म्हणाला. "दुपारनंतर. चार-पाचच्या सुमाराला, असं डॉक्टर म्हनत्यात." दोघांनीही फोन ठेवला नाही, तसाच कानाला धरून बसलो.

हे सगळं मी माझ्या मनाशी किती वेळा मांडलंय. डॉक्टर वेळ अंदाजानं सांगतात, घड्याळ लावून नाही. सेन्सर बिघडला होता, अपडेटनं नीट झाला, एवढंच. हेच दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी तेच म्हटलं असतं. पण सिम बाहेर, नेट बंद, ड्रॉवर बंद, पंखा बंद — आणि माझा फोन शेजारी तसाच पडून असताना त्याचा चौदावरून सव्वीसवर कसा गेला, हे मला सांगता येत नाही. कारेगावच्या त्या बाईनं जे दिवस सांगितले ते सारिकाच्या आकड्यांशी कसे जुळले, तेही नाही. पुण्याच्या एका सर्व्हिस सेंटरमधल्या पोरीला मी फोनवर सगळं विचारलं. ती म्हणाली, "काकू, असं होऊच शकत नाही." म्हटलं, बरं.

तेराव्यानंतर चार दिवसांनी सारिका एकटीच दुकानात आली. मी स्टूल पुढं केलं, बसली नाही. फोन काचेवर ठेवला.

"मावशी, जुनं सॉफ्टवेअर परत घालता येतं का?"

मी म्हटलं, "नाही गं. या सेटला नाही येत. एकदा पुढचं बसलं की हा मागचं घेतच नाही."

"व्हय," ती म्हणाली. "इचारलं आपलं." मग फोन उचलून पिशवीत ठेवला, पिशवीचा बंद लावला, आणि दारातून म्हणाली, "तवा तुमी म्हनालात, बंद पडनार न्हाई. ते तुमाला खरंच वाटत हुतं का?"

मी म्हटलं, "हो गं. खरंच वाटत होतं."

बंद पडावं म्हणूनच तर मी ते बटण दाबलं होतं.