विंगेतले सहादेवराव

पडदा वर जातो तेव्हा वैशाखातली सकाळ. मागे अकोले तालुक्यातला डोंगर, त्याच्या पोटात कोरलेलं जुनं बौद्ध लेणं, कमानीला लटकलेली मधमाश्यांची पोळी. आत खांबांच्या दोन रांगा आणि शेवटी दगडी स्तूप. प्रवेश: सहादेवराव, पांढरा सदरा, हातात मेणबत्ती. मागोमाग धापा टाकत मी, काठीसह.

सहादेवराव आमच्या नाटक कंपनीचे प्रॉम्प्टर. सोनईपासून मिरजगावपर्यंत जिथे जत्रा तिथे आमचा टेम्पो, आणि विंगेत स्टुलावर सहादेवराव. मी अडखळले की कुजबुज यायची, फक्त माझ्यापुरती. पहिल्या रांगेला ऐकू गेलं तर तो प्रॉम्प्टर कसला, असं ते म्हणत. टाळ्या मला मिळायच्या. उभ्या जन्मात त्यांनी आवाज चढवला नाही. बाजारात भाजीसुद्धा कुजबुजत घ्यायचे.

त्यांची बायको पुष्पावती मात्र दर बुद्धपौर्णिमेला या लेण्यात खणखणीत वंदना म्हणायची. "एकदा तुमचाही आवाज घुमू द्या की," ती म्हणायची. सहादेवराव हसून बाहेर चपला सांभाळत बसायचे. गेल्या थंडीत ती गेली. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सहादेवरावांचा फोन आला, "बाई, औंदा तिच्या जागी मला म्हनायचंय. मोठ्यानं. सोबत येता का?"

डोंगर चढताना त्यांनी मला सगळी वंदना पुन्हा पुन्हा ऐकवली. कुजबुजत.

स्तूपासमोर मेणबत्ती पेटली. हात जोडले. ओठ हलले, आवाज नाही.

"सहादेवराव, शेवटच्या रांगेला ऐकू येत नाही!"

"तुमी गप बसा हो. पहिलीच एन्ट्री हाय माझी."

मग आवाज निघाला. फाटका, कापरा, पण निघाला. तो दगडातून परत आला तसे ते दचकले आणि पुढचे शब्दच विसरले! नट ज्या नजरेने विंगेकडे बघतो, त्या नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खांबाआडून पुढचा शब्द पुरवला. माझी कुजबुजसुद्धा घुमली. त्यांनी शब्द पकडला आणि थेट शेवटपर्यंत गेले, इतक्या मोठ्यानं की मला पोळ्यांची काळजी वाटू लागली. टाळ्यांसाठी उचललेले हात मी जोडले.

उतरताना त्यांचा चेहरा उजळलेला होता. पायथ्याशी चहा हातात आल्यावर माझ्याकडे झुकले आणि नेहमीच्या कुजबुजीत म्हणाले, "बाई, वाईट वाटून घेऊ नका, पन तुमचं प्रॉम्प्टिंग लई मोठं झालं. पुष्पाला ऐकू गेलं असंल."